एका बाराची बंदूक आणि घरी भरलेले काडतूस

वाचकाचे पत्र

मी मूळचा चिपळूणजवळचा, गेली अकरा वर्षे ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. ग्रीन कार्ड आहे आणि शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम गेल्या वर्षी पूर्ण केला. शेजारच्या शेतकऱ्याने मक्याच्या शेताला लागून असलेल्या रानात हरणाच्या शिकारीसाठी लेखी परवानगी दिली आहे. मचाणावरून दिसणारे सर्वांत लांबचे अंतर मोजले, ते ९० यार्ड भरले. एका वेळी एकच काडतूस घेणारी, मधून मोडून उघडणारी रायफल घ्यायची ठरवली आहे, पण .३५० लीजंड, .४४ मॅग्नम, .४५० बुशमास्टर आणि .४५-७० या चार काडतुसांत निर्णय होत नाही. पत्नीही तीच बंदूक वापरणार आहे. काडतुसे घरी भरायची माझी इच्छा आहे. एका मित्राने .३५७ रिव्हॉल्वरच्या १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे बारीक माप) गोळ्यांची डबी दिली आहे, .३५० लीजंडमध्ये त्या चालतील असे तो म्हणतो. .४४ साठी एच११० दारूचे वजनही त्याने चिठ्ठीवर लिहून दिले आहे आणि खाली टीप आहे की ‘वहिनींसाठी यातली पाव हिस्सा दारू कमी कर, धक्का कमी लागेल’. हे करावे का? हंगाम संपला की डिसेंबरअखेर आम्ही गावी जाणार आहोत.

उत्तर

महोदय,

आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते ९० यार्ड. बहुतेक पत्रांत अंतराचा उल्लेखच नसतो आणि काडतुसाच्या वेगावर मात्र दोन पाने असतात. आपण आधी अंतर मोजले आणि बंदूक दोघांनी वापरायची आहे हेही सांगितले, त्यामुळे माझे उत्तर सोपे झाले आहे. .४४ मॅग्नम घ्या, २४० ग्रेनची गोळी वापरा, आणि मित्राची डबी व चिठ्ठी आभार मानून परत करा. आता कारणे सांगतो.

ओहायोत हरणासाठी रायफल वापरण्याची मुभा २०१४ पासून आहे आणि तीही सरळ भिंतीच्या पुंगळीपुरतीच (पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे), म्हणजे जिची मान बाटलीसारखी आवळलेली नाही अशा काडतुसांना. व्यासाची मर्यादा .३५७ पासून .५० इंचापर्यंत आहे. त्याआधी त्या प्रदेशात बंदूक घेऊन हरणामागे जाणारे बहुतेक लोक शॉटगनमधून एकसंध शिशाचा स्लग तरी झाडत, नाहीतर ठासणीची बंदूक तरी वापरत. सपाट शेते, मध्ये मध्ये घरे, आणि बाटलीच्या मानेचे काडतूस गोळी फार लांब नेते, हे त्या नियमामागचे कारण आहे. नावात .३५० असलेले लीजंड धरून आपली चारही काडतुसे या चौकटीत बसतात, तरी दर वर्षीच्या नियमपुस्तिकेत एकदा नजर घालावी, कारण हे नियम बदलत असतात. एक काडतूस घेणाऱ्या बंदुकीला एका वेळी तीनच काडतुसे भरण्याच्या मर्यादेची चिंता नसते, ही त्यातली गंमत.

मोडून उघडणाऱ्या बंदुकीचे यंत्र आपल्या कोकणातल्या एकनळी बंदुकीसारखेच असते. नळी खाली झुकते, काडतूस हाताने सरकवायचे, नळी वर करून बंद करायची, घोडा ओढायचा. अशा बंदुकीला बुडाशी कडा बाहेर आलेली पुंगळी मानवते. ती कडा नळीच्या तोंडाशी अडते, त्यामुळे काडतूस किती आत जाऊन थांबायचे हे कडाच ठरवते. आणि बार झाल्यावर पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या तुकड्याला धरायला तीच कडा सापडते. .४४ मॅग्नम आणि .४५-७० यांना अशी कडा आहे. .३५० लीजंड आणि .४५० बुशमास्टर यांना ती नाही, कारण ही दोन्ही मुळात पेटीतून काडतूस घेणाऱ्या रायफलींसाठी घडवली गेली. त्यांच्या बुडाशी नुसती खाच असते आणि मोडणीच्या बंदुकीत त्या खाचेत स्प्रिंगवरचा एक लहानसा तुकडा जाऊन बसतो. तो बहुतेक वेळा काम करतो. पण घाण साचली किंवा पुंगळी जरा अडकली की तो खाचेवरून निसटतो, पुंगळी नळीत तशीच राहते, आणि डिसेंबरच्या थंडीत मचाणावर बसून बधिर नखाने ती उकरत बसावे लागते. शिवाय ही दोन्ही काडतुसे पुंगळीच्या तोंडावर टेकून थांबतात, म्हणजे घरी भरताना पुंगळीची लांबी आणि तोंडाची घडण अधिक काटेकोर ठेवावी लागते. शिकाऊ माणसाने पहिल्याच वर्षी ही जोखीम घ्यावी असे मला वाटत नाही.

धक्क्याचे सांगतो. अशा बंदुका हलक्या असतात, सुमारे सात पौंडांच्या, आणि हलकी बंदूक खांद्याला धरून राहत नाही, उसळते. सात पौंडांची बंदूक धरून हिशेब केला तर .३५० लीजंडचा १५० ग्रेनचा बार खांद्याला साधारण १० फूट-पौंड (धक्क्याच्या जोराचे माप) देतो, .४४ मॅग्नमचा २४० ग्रेनचा बार १३ च्या आसपास, आणि .४५० बुशमास्टरचा २५० ग्रेनचा बार सुमारे २४. हे आकडे कागदावरचे असले तरी चौथ्या-पाचव्या बारानंतर खांद्याला ते नेमके कळतात. नवा माणूस मोठ्या धक्क्याच्या बंदुकीशी सराव करू लागला की चाप ओढण्याच्या क्षणभर आधी त्याचे डोळे मिटतात आणि खांदा पुढे येतो. हे त्याला स्वतःला दिसत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्याला स्पष्ट दिसते. परीक्षा सोपी आहे. कुणाला तरी आपल्या नकळत नळीत रिकामे, सरावाचे खोटे काडतूस घालायला सांगा आणि चाप ओढा. बार न होता बंदुकीचे तोंड खाली झुकले, तर दोष काडतुसाचा नाही.

.४४ मॅग्नमच्या बाजूचे माझे मोठे कारण मात्र वेगळेच आहे. त्याच नळीत .४४ स्पेशल हे त्याचे धाकटे भावंड चालते. त्याचा व्यास तोच असतो, लांबी मात्र इंचाचा आठवा भाग कमी. कारखान्यातून भरून येणारे .४४ स्पेशल अगदी मवाळ असते. आपल्या पत्नीने पहिले शंभर बार त्याचेच काढावेत. चाप, श्वास, नेम हे सगळे त्यात बसते. हरणासाठी मात्र ते वापरू नये, आणि दोन्हींचा नेम एकाच जागी लागत नाही हे ध्यानात ठेवावे. एक बारीक गोष्ट आहे, जी विक्रेते सांगत नाहीत. आखूड पुंगळी जिथे संपते तिथे नळीच्या घरात, म्हणजे काडतूस बसते त्या भागात, काजळीचे एक कडे धरते, आणि नंतर लांब पुंगळीचे काडतूस घातले की ते तिथे अडखळते. म्हणून सराव संपवून मॅग्नमकडे वळण्याआधी ते घर ब्रशने घासून काढावे. वहिनींच्या खांद्याची काळजी आपल्या मित्राने केली ते चांगलेच, पण त्यावरचा उपाय दारू कमी करणे नव्हे, .४४ स्पेशल आहे.

आता त्या चिठ्ठीकडे येतो. एच११० ही दाणेदार, सावकाश जळणारी दारू आहे आणि विंचेस्टरच्या नावाने विकली जाणारी २९६ ही तीच. .४४ मॅग्नमसाठी ती फार चांगली. पण तिचा एक स्वभाव आहे. पुंगळीत ती पुरेशी भरलेली आणि दाबात असली तरच नीट पेट घेते. तिचे उत्पादक होजडन स्पष्ट बजावतात की छापील वजनापेक्षा ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये. आपला मित्र २५ टक्के कमी करायला सांगतो आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, मला फार कळते असे वाटण्याच्या काळात, मी स्वतः हाच शहाणपणा केला होता. थंड सकाळ होती, मैदानावर आम्ही दोघेच. चाप ओढला तर धड आवाजच झाला नाही. दरवाजा ओढून घ्यावा तसा ‘टप्’ झाला आणि खांद्याला काही जाणवले नाही. बंदूक तशीच समोर रोखून मनात साठपर्यंत आकडे मोजले, मग उघडली. पुंगळीतून आणि नळीच्या मागच्या तोंडातून अर्धवट जळलेले पिवळट दाणे मेजावर सांडले. नळीतून पाहिले तर पलीकडचा उजेड दिसेना. गोळी निम्म्या नळीत रुतून बसली होती. पितळी सळईने आणि लाकडी हातोडीने ती बाहेर काढायला पाऊण तास लागला. त्या वेळी दुसरे काडतूस घालून बार काढला असता तर नळी फुटली असती. एका बाराच्या बंदुकीचा हा एक गुण मी तेव्हापासून मानतो. दुसऱ्या बारासाठी ती उघडावीच लागते, आणि उघडली की नळीतून आरपार पाहता येते. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर हे पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस हातातही घेऊ नका.

म्हणून मी या सदरात दारूची वजने छापत नाही. कोणत्याही मित्राची चिठ्ठी, कितीही अनुभवी असली तरी, वापरू नये. गोळी तयार करणाऱ्या आणि दारू तयार करणाऱ्या कंपन्यांची छापील पुस्तके मिळतात. त्यात आपली नेमकी गोळी, नेमकी दारू आणि तिला पेट देणारी नेमकी टोपी यांची जोडी शोधावी, सुरुवातीचे वजन घ्यावे आणि तिथून थोडे थोडे वर जावे. एच११०च्या बाबतीत सुरुवातीचे आणि कमाल वजन यांत फारसे अंतर नसतेच, आणि टोपीही मॅग्नमची वापरावी लागते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात. आपल्या सोनारांची गुंज आठवत असेल तर एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत दारू मापाने, कधी नुसत्या तळहाताच्या अंदाजाने घालतात, आणि काळी दारू ते पुष्कळसे सोसून घेते. बिनधुराची दारू सोसत नाही. हा फरक कोकणातून आलेल्या माणसाला मुद्दाम सांगावा लागतो, कारण आजोबांना आपण जे करताना पाहिले ते हाताला बरोबर वाटत राहते.

भरण्याच्या क्रमाविषयी थोडे. मेजावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवावा आणि काम संपले की उरलेली दारू त्याच डब्यात परत जावी. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत उभ्या कराव्यात, सगळ्यांत दारू घालून झाली की गोळी बसवण्याआधी विजेरी धरून प्रत्येकीत डोकावून पाहावे. दारूची पातळी सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी किंवा एखादी काठोकाठ असेल तर ती लगेच डोळ्यात भरते. एच११०चा येथे एक फायदा होतो. ती पुंगळीचा इतका भाग व्यापते की चुकून दोनदा घातली तर ती बाहेर सांडते. जलद जळणाऱ्या, थोड्या वजनात काम करणाऱ्या दारवा दोनदा पडल्या तरी पुंगळीत मावतात, आणि म्हणून त्या पहिल्या वर्षी आपल्या मेजावर नसाव्यात. त्या खोलीत रेडिओ नसावा, गप्पा मारायला कुणी नसावे आणि फोनही नसावा. माझ्या घरी त्या तासाभरात चहासुद्धा विचारत नाहीत.

गोळी बसवल्यावर पुंगळीचे तोंड गोळीवरच्या खाचेत किंचित आत वळवून घट्ट करावे. एका बाराच्या बंदुकीत पुढच्या बाराच्या धक्क्याने मागची गोळी सरकण्याचा प्रश्न नाही, म्हणून काही जण हे सोडून देतात. पण एच११० नीट पेटण्यासाठी गोळीने क्षणभर अडून राहणे गरजेचे असते. .४४ ला कडा असल्याने तोंड असे वळवायला हरकत नाही. .३५० लीजंडमध्ये हेच केले तर काडतुसाची टेकायची जागाच नाहीशी होते. वापरलेली पुंगळी पुन्हा मापावर आणताना पूर्ण लांबीभर साच्यातून काढावी, नुसते तोंड आवळून भागवू नये. मोडणीच्या बंदुकीत पुंगळी बाहेर ओढायला फारसा जोर नसतो, त्यामुळे फुगलेली पुंगळी तिथे अडकून बसते. बार झाल्यावर पुंगळी ओढून काढावी लागू लागली किंवा बंदूक उघडायला जड जाऊ लागली, तर वजन पुस्तकातल्या मर्यादेत असले तरी खाली यावे.

मित्राच्या १२५ ग्रेनच्या गोळ्यांचा दोष वेगळा आहे. .३५० लीजंडमधून त्या कदाचित निघतील, पण त्या रिव्हॉल्वरच्या वेगासाठी केलेल्या आहेत. कारखान्याचा १५० ग्रेनचा लीजंड सेकंदाला २३२५ फुटांनी निघतो, आणि त्याहून हलकी, पातळ वेष्टणाची पोकळ नाकाची गोळी त्या वेगाने हरणाच्या खांद्यावर आदळली तर आत शिरण्याऐवजी वरच फुटून विखुरते. जखम दिसायला भयंकर असते, पण हरीण मरत नाही, रानात निघून जाते. .४४ मध्ये हा घोटाळा कमी होतो. रायफलच्या नळीतून २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १७५० फुटांच्या आसपास जाते, आणि मजबूत वेष्टणाची चांगली गोळी तेवढे सोसते. ३०० ग्रेनच्या गोळीचा मोह धरू नका. काही .४४ रायफलींच्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ फार संथ असतो, ३८ इंचांत एक फेरा, आणि त्यात लांब गोळी डळमळते. २४० ग्रेन सगळ्यांना चालते.

घरात लहान मुले असतील आणि मांस जेवणात येणार असेल, तर पूर्ण तांब्याच्या गोळीचा विचार अवश्य करावा. शिशाची गोळी फुटताना तिचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. तांबे हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीतली दारूची जागा खाते, म्हणून तिच्यासाठी पुस्तकातले पानही वेगळे असते. शिशाच्या गोळीचे वजन तिला लावू नये.

.४४ विषयी माझे कौतुक ९० यार्डांपुरते आहे, हेही सांगायला हवे. १०० यार्डांवर नेम बसवला तर १५० यार्डांवर तिची गोळी सुमारे सहा इंच खाली जाते, तर लीजंडची तीनच. हरणाच्या छातीतली जिवाची जागा अंदाजे आठ इंचांच्या थाळीएवढी धरतात. उद्या आपल्याला दुसरे रान मिळाले आणि तिथे १५० यार्डांची मोकळी पट्टी असेल, तर लीजंड घ्यावे असे मीच म्हणेन. .४५-७० हे १८७३ चे म्हातारे, माझे आवडते काडतूस आहे, पण त्याच्यासाठी भरण्याच्या पुस्तकांत तीन वेगळे विभाग असतात. एक जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसारख्या नाजूक बंदुकांचा, दुसरा लिव्हर ओढून काडतूस भरणाऱ्या रायफलींचा, तिसरा रूगर नंबर वनसारख्या भक्कम बंदुकांचा. नव्या माणसाने चुकीचे पान उघडले तर परिणाम गंभीर होतो. .४५० बुशमास्टरला आपल्या रानात काही काम नाही.

वेळापत्रक असे ठेवा. ओहायोचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होतो. यंदा कारखान्याची २४० ग्रेनची काडतुसे घ्या, त्यांच्यावर नेम बसवा, हंगामही त्यांच्यावरच काढा आणि प्रत्येक रिकामी पुंगळी जपून ठेवा. घरी भरणे हिवाळ्यात शिका, घाईचे कारण नसताना. नेम बसवताना नळी गार होऊ द्या. मचाणावरचा बार नेहमी गार नळीतूनच निघणार आहे, त्यामुळे रोज सकाळचा पहिला बार कुठे लागतो हे वहीत लिहून ठेवा, तापलेल्या नळीच्या पाच बारांच्या झुपक्याला फार महत्त्व देऊ नका. वाळूच्या पिशवीवर बंदूक दर वेळी एकाच जागी टेकवा. पुढचे लाकूड नळीला खालून स्क्रूने धरलेले असते आणि त्यावरचा दाब बदलला की नेम सरकतो. अनेक जण त्या स्क्रूशी रबराचे एक लहानसे कडे घालतात. उपाय फुकटासारखा आहे आणि पुष्कळदा लागू पडतो.

घरी भरलेली काडतुसे स्वतःपुरती वापरायला परवाना लागत नाही. विकायची असतील तर केंद्रीय परवाना लागतो. मित्रांना भेट म्हणूनही देऊ नका, त्यांची बंदूक आपली नव्हे. आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, पण हे वाचणारे जे कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आहेत त्यांनी लक्षात घ्यावे की अशा व्हिसाधारकांना अमेरिकी केंद्रीय कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. तरी बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्यावे.

आणि डिसेंबरच्या प्रवासाविषयी. शिकारीचे जाकीट, त्या रानात वापरलेली पाठपिशवी आणि बूट भारतात नेऊ नका. जाकिटाच्या आतल्या खिशात, अस्तराच्या फाटक्या शिवणीत एखादे काडतूस राहते आणि महिनाभर कुणाला कळत नाही, पण विमानतळावरच्या यंत्राला कळते. भारतात विनापरवाना एक काडतूस सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि उड्डाणाऐवजी पोलीस ठाण्यात दिवस जातो. रिकामी पुंगळीही गावच्या मुलांना दाखवायला म्हणून घेऊ नका. ज्या बॅगा न्यायच्या आहेत त्या भरण्याआधी उलट्या करून झाडा, आणि प्रत्येक कप्प्यात हात घालून पाहा.